संमती कोणाची? अनुबोधपटांतील मनोरुग्ण आणि आत्मघात

अनुबोधपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक पुष्कळ प्रश्न विचारतो. परंतु एक प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतो. जे आपण पाहिले ते दाखविण्यास संमती कोणी दिली होती? ललित चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे रडणारा हा नट असतो, रडण्याचे त्याला वेतन मिळते आणि काम संपले की तो घरी जातो. अनुबोधपटात, ज्याला माहितीपट म्हणण्याचा हल्ली प्रघात पडला आहे, रडणारा माणूस खराच रडत असतो व चित्रीकरण आटोपल्यावरही त्याचे रडणे थांबतेच असे नाही. विषय धरणांचा, लोककलांचा किंवा पक्ष्यांचा असेल तर या भेदाने फारसे बिघडत नाही. पण विषय मनोविकाराचा किंवा आत्महत्येचा असला की संमतीचा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. कारण पहिल्या बाबतीत संमती देणाऱ्याच्या बुद्धीविषयीच जग शंका घेत असते, आणि दुसऱ्या बाबतीत संमती देणारा हयातच नसतो.

आमचे बहुतेक वाचक अध्यापक आहेत. पूर्वी शाळेत एखादा अनुबोधपट दाखवायचा म्हणजे रिळे मागवावी लागत, यंत्र व यंत्रचालक आणावा लागे. आता वर्गाच्या भिंतीवर हवा तो चित्रपट दोन मिनिटांत उमटतो. निवड करणारा मधला माणूस नाहीसा झाला असून ती जबाबदारी सर्वस्वी शिक्षकावर येऊन पडली आहे. म्हणून काही प्रसिद्ध अनुबोधपट घेऊन हा संमतीचा प्रश्न तपासून पाहावा असे आम्ही योजिले आहे.

आरंभ जॉन ह्यूस्टनच्या ‘लेट देअर बी लाइट’ या चित्रपटापासून करणे सोयीचे होईल. दुसऱ्या महायुद्धातून मन विदीर्ण होऊन परतलेल्या सैनिकांवर अमेरिकेतील लाँग आयलंडच्या मेसन जनरल रुग्णालयात उपचार चालत. हे सैनिक समाजात व नोकरीत पुन्हा मानाने सामावले जावेत, त्यांना कोणी वेडे ठरवू नये, या हेतूने खुद्द सैन्यानेच हा चित्रपट करविला. तो १९४६ साली तयार झाला आणि त्याच सैन्याने तो दडपून टाकला. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हावयाचा खेळ लष्करी पोलिसांनी प्रत जप्त करून बंद पाडला. रुग्ण सैनिकांच्या खासगी आयुष्याचा भंग होतो, हे त्याचे अधिकृत कारण. सैनिकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या, पण ती पत्रे मागाहून गहाळ झाली, असे ह्यूस्टनने पुढे नमूद केले. युद्धावर गेलेला माणूस मनाने मोडून परत येतो हे जनतेला दिसू नये, हेच बंदीचे खरे कारण असे त्याचे मत होते. चित्रपट लोकांसमोर येण्यास १९८० साल उलटून जावे लागले. म्हणजे त्यातील वीस-पंचवीस वर्षांचे तरुण तोवर साठीकडे झुकले होते.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र नव्हे. पाय लुळे पडलेला सैनिक एका इंजेक्शनानंतर चालू लागतो, बोबडी वळलेला घडाघडा बोलतो, स्मृती गेलेला संमोहनाने आपले नाव सांगतो. बरे होणे इतके झटपट आणि इतके नाट्यमय नसते, हे आज कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. तरीही मोठी माणसे, आणि तीही सैनिक, कॅमेऱ्यासमोर भीती व दुःख आपल्या तोंडाने सांगतात, ही गोष्ट त्या काळी नवी होती. गौरवर्णी व कृष्णवर्णी सैनिक एकाच कक्षात शेजारी शेजारी बसून बोलतात, हीदेखील.

‘रुग्णाचे खासगीपण’ ही ढाल रुग्णासाठी उचलली जाते की संस्थेसाठी, हा पेच याहून किती तरी तीव्रतेने उभा केला तो फ्रेडरिक वाइझमन यांच्या ‘टिटिकट फॉलीज’ने. वाइझमन हे कायद्याचे अध्यापक. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रिजवॉटर येथे गुन्हेगार मनोरुग्णांची संस्था होती. आपल्या विद्यार्थ्यांना ते ती दाखवावयास नेत असत. १९६६ साली त्यांनी तेथे चित्रीकरण केले. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पार्श्वसंगीत नाही. नग्न ठेवलेले रुग्ण, त्यांना डिवचणारे पहारेकरी, मोकळ्या कोठडीत पाय आपटीत फिरणारा एक वृद्ध. एवढे दिसते आणि तेवढेच पुरते. एक तरुण रुग्ण वैद्यांच्या मंडळासमोर अत्यंत सुसंगतपणे सांगतो की या जागेने व या औषधांनी आपली प्रकृती बिघडत चालली आहे, आपल्याला परत तुरुंगात धाडा. तो निघून गेल्यावर मंडळाचा निष्कर्ष असा की याचा विकार बळावला आहे, औषध वाढवावे. ज्याच्या बोलण्याचा कोणताही अर्थ त्याच्या विरुद्धच लागतो असा माणूस या दृश्यात जितका स्पष्ट दिसतो तितका पाठ्यपुस्तकात कोठेही सापडणार नाही.

आता येथे संमती कोणाची होती? संस्थेच्या अधीक्षकाची होती. आपल्या संस्थेची दुर्दशा बाहेर कळावी व सरकारने पैसे द्यावेत अशी त्याची इच्छा होती. राज्याचे त्या वेळचे उपराज्यपाल एलियट रिचर्डसन यांनी परवानगी मिळवून देण्यास साहाय्य केले. पुढे तेच गृहस्थ राज्याचे महाधिवक्ता झाले आणि चित्रपट पाहून त्यांनीच बंदीसाठी न्यायालयात धाव घेतली! रुग्णांची संमती घेतली होती असे वाइझमन यांचे म्हणणे; पण कोंडलेल्या, नग्न, औषधांनी गुंगलेल्या माणसाच्या होकाराला संमती म्हणावे काय, हा न्यायालयाचा प्रश्नही पोकळ नव्हता. १९६८ साली खालच्या न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. १९६९ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यात बदल करून वैद्य, वकील, समाजसेवक व या विषयांचे विद्यार्थी यांनाच चित्रपट दाखविण्याची मुभा ठेवली. सामान्य प्रेक्षकांवरील बंदी १९९१ साली उठली. अश्लीलता किंवा राष्ट्राची सुरक्षितता ही कारणे सोडून अन्य कारणाने अमेरिकेत बंदी आलेला हा पहिला चित्रपट मानला जातो.

आमच्या मते न्यायालयाचा प्रश्न खरा होता आणि उत्तर चुकीचे होते. ज्या राज्याने रुग्णांना वस्त्रही दिले नाही, त्यानेच त्यांच्या लज्जेची काळजी वाहावी आणि ती वाहताना स्वतःची लाज तेवढी झाकून घ्यावी, हा न्याय नव्हे. संस्थेत १९६६ नंतर सुधारणा झाल्या आहेत असा खुलासा चित्रपटात घालावा, अशी न्यायालयाची आज्ञा होती. वाइझमन यांनी प्रथम ती आज्ञा पडद्यावर छापली आणि तिच्याखाली तोच खुलासा शब्दशः पुन्हा छापला. दोन्ही वाचून प्रेक्षकाने काय समजायचे ते समजावे!

तथापि याच चित्रपटात एक जोडणी आहे, तिच्याविषयी आमचे मन साशंक आहे. अन्न न घेणाऱ्या एका वृद्ध रुग्णाला नाकातून नळी घालून बळाने अन्न दिले जाते. नळीवरील नरसाळे धरणाऱ्या वैद्याच्या तोंडात सिगारेट आहे. मध्येच त्याच वृद्धाच्या मृत देहाची अंत्यतयारी दिसू लागते. जिवंतपणी जी निगा मिळाली नाही ती मेल्यावर मिळते, हा अर्थ उघड आहे. किंबहुना गरजेपेक्षा अधिक उघड आहे. पुराव्याचे काम सोडून चित्रपट येथे युक्तिवादाचे काम करू लागतो. आणि तो युक्तिवाद ज्याच्या देहावर रचला गेला त्याला विचारण्याची सोय उरलेली नव्हती.

मृताला विचारता येत नाही, हे एरिक स्टील यांच्या ‘द ब्रिज’ या २००६ सालच्या चित्रपटाचे तर मर्मच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २००४ सालभर, दिवसाच्या उजेडात, कॅमेरे रोखून ठेवण्यात आले आणि तेथे जीव देणाऱ्या माणसांचे चित्रीकरण झाले. परवानगी मागताना अर्जात लिहिले होते ते असे की राष्ट्रीय स्मारके व निसर्ग यांच्या भव्य मीलनाचे हे चित्रण आहे. मृतांच्या आप्तांच्या मुलाखती घेतल्या गेल्या; पण त्यांच्या माणसाचा अखेरचा क्षण आपल्यापाशी चित्रित आहे, ही गोष्ट मुलाखतीच्या वेळी त्यांना सांगितली गेली नव्हती. कॅमेरेवाल्यांना संशय येताच ते पुलाच्या पहारेकऱ्यांना दूरध्वनी करीत आणि त्यामुळे काही जीव वाचले, हेही नमूद केले पाहिजे. किती जण, कोठून, कसे, हे तपशील आम्ही येथे मुद्दाम गाळले आहेत.

तपशील गाळण्याचे कारण साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. गटेची वेर्टरविषयक कादंबरी १७७४ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचे अनुकरण तरुण करतात अशी ओरड झाली आणि लायपझिग नगरीने १७७५ साली ती कादंबरीच नव्हे, तर वेर्टरचा निळा-पिवळा पोशाखही निषिद्ध केला. पुढे १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने वृत्तपत्रांतील ठळक बातम्या व त्यानंतर वाढणाऱ्या आत्महत्या यांचा संबंध आकड्यांनी दाखविला आणि त्या परिणामाला वेर्टरचेच नाव दिले. व्हिएन्नातील भुयारी रेल्वेच्या बाबतीत तर उलट प्रयोगच झाला. तेथील आत्महत्यांची वर्णने वृत्तपत्रे भडकपणे छापीत असत. १९८७ च्या मध्यास तज्ज्ञांच्या विनंतीवरून त्यांनी ती छापणे सोडले, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात तेथील आत्महत्या व प्रयत्न पूर्वार्धाच्या तुलनेने सुमारे ८० टक्क्यांनी घटले. चांगल्या परिणामालाही नाव मिळाले आहे. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधील पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन बालके त्याला दुसरा मार्ग सुचवितात, त्यावरून संकटातून तरून गेलेल्या माणसांच्या कथांच्या परिणामास २०१० साली पापागेनोचे नाव देण्यात आले.

या दृष्टीने ‘द ब्रिज’ची रचना पाहावी. एका माणसाची पुलावरील येरझार साऱ्या चित्रपटभर तुकड्यातुकड्यांनी येत राहते आणि अखेर त्याच्या मृत्यूने होते. खऱ्या मरणाची उत्कंठा! कथेत जे कौशल्य ठरते ते येथे आम्हांला असह्य वाटते. याच चित्रपटात केव्हिन हाइन्स या वाचलेल्या तरुणाची साक्ष आहे: पुलाचा कठडा सुटला त्याच क्षणी आपल्याला पश्चात्ताप झाला, असे तो सांगतो. रिचर्ड सायडन या अभ्यासकाने १९३७ ते १९७१ या काळात त्या पुलावर अडविल्या गेलेल्या ५१५ माणसांचा मागोवा घेऊन १९७८ साली दाखविले की त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक एक तर हयात होती किंवा नैसर्गिक मरणाने गेली होती. म्हणजे अडविलेला माणूस दुसरीकडे जाऊन जीव देतोच, हा समज खोटा. येरझारेला चित्रपटाने जितकी जागा दिली तितकी जर या सत्याला दिली असती, तर त्याचे स्वरूपच पालटले असते. पुलाला जाळी बसविण्याचे काम जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाले. तिच्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांत मृतांची कुटुंबे होती.

येथवरची उदाहरणे अमेरिकेतील. आपल्या भाषेच्या मुलखात आत्महत्येवरील अनुबोधपट म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो विदर्भ. दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ या २००९ सालच्या चित्रपटात पत्रकार पी. साईनाथ कापूस पिकविणाऱ्या मृत शेतकऱ्यांच्या घरी जातात. नाव आले आहे टॅसिटसच्या इतिहासावरून: नीरोच्या उद्यानात बंदिवानांना जाळून उजेड केला गेला. साईनाथांचा प्रश्न नीरोविषयी नाही. त्या उजेडात जेवणाऱ्या पाहुण्यांविषयी आहे. येथे कॅमेरा मृत्यूवर रोखलेला नाही. तो भिंतीवरच्या तसबिरीवर, ओसरीवरच्या विधवेवर, तिच्या मुलांवर आणि मग सभागृहात बसलेल्या सुस्थित श्रोत्यांवर येतो.

परंतु विदर्भाच्या चित्रणात एक निराळीच अडचण आहे आणि तिचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही. शेतकरी गेला की महाराष्ट्र शासनाच्या साहाय्यासाठी चौकशी होते. जमीन, कर्ज, कर्जफेडीचा तगादा यांचे कागद पाहिले जातात आणि ती आत्महत्या ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. हा शब्द सरकारी कागदांतून गावच्या बोलीत उतरला आहे. ‘आमची केस अपात्र झाली’, असे बायका सांगतात. मराठीत पात्र म्हणजे नाटकातील भूमिकाही होय. साहाय्य हवे तर घराने मृताला एका ठरावीक भूमिकेत बसविले पाहिजे: तो कर्जाने गेला, अन्य कशाने नाही. तो गप्प गप्प राही, झोपत नसे, पित असे, असे सांगितले की सरकारी कारकुनाला ‘अपात्र’ लिहायला आधार मिळतो. जमीन नावावर नसलेल्या बाईची तर शेतकरी म्हणून नोंदच सहसा होत नाही.

अशा घरी कॅमेरा जातो तेव्हा त्याच्यासमोर दिली जाणारी साक्ष मोकळी कशी असेल? अनुबोधपटकाराला एकच कारण हवे असते, कारण त्याने कथा ठसठशीत होते. शासनाच्या नमुन्यालाही एकच हवे असते. मिका पेलेड यांच्या ‘बिटर सीड्स’ या २०११ सालच्या चित्रपटात वडील गमावलेली विदर्भातील एक मुलगी वार्ताहर होऊ पाहते, हा धागा फार सुंदर आहे. चित्रपटाचा सारा रोख मात्र कपाशीच्या बियाण्यावर येऊन थांबतो. बियाणे, सावकार, पाऊस, भाव ही कारणे खोटी नव्हेत. ती अत्यंत खरी आहेत. पण तेच कर्ज डोक्यावर असलेले शेजारचे शंभर शेतकरी जगले, हेही खरे असते. उलट बाजूने, हा मनोविकार होता एवढे म्हणून शेतीच्या प्रश्नातून अंग काढून घेणारेही सत्तेच्या आसपास कमी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली आत्महत्येने १,७०,९२४ मृत्यू नोंदलेले आहेत आणि ते एकेका कारणाच्या रकान्यात वाटून दिलेले आहेत. कर्जाने मन खचते आणि खचलेल्या मनाला कर्ज डोंगराएवढे दिसते. या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी घडतात, हे रकान्यात मावत नाही. चित्रपटात मावू शकते. ते मावविणारा अनुबोधपट विदर्भावर व्हावयाचा आहे, असे आम्हांला वाटते.

संमतीचा प्रश्न खुल्या मनाने विचारून केलेले चित्रपटही आहेत. फ्रान्समधील ला बोर्द या मनोरुग्णालयात १९९५ च्या उन्हाळ्यात निकोला फिलिबेर यांनी ‘ला मोआंद्र दे शोज’ चित्रित केला. आपण रुग्णांचा तमाशा तर मांडीत नाही ना, ही भीती त्यांनी लपविली नाही. ती रुग्णांपुढेच मांडली आणि त्यांच्याशी बोलून मगच काम आरंभिले. रुग्ण व कर्मचारी मिळून एक नाटक बसवितात, एवढेच कथानक. पाठांतर होत नाही, सूर लागत नाही, कोणी रुसते, कोणी हसते. याच दिग्दर्शकाच्या ‘स्युर लादामां’ला २०२३ साली बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. पॅरिसमध्ये सीन नदीवर तरंगणाऱ्या दिवसकेंद्राचे ते चित्रण आहे. यात रुग्ण कोण आणि परिचारक कोण, हे पुष्कळ वेळ ओळखू येत नाही. कोणी गाते, कोणी चित्रे काढते, कोणी हिशेब लिहिते. विकारांची नावे फलकासारखी कोणाच्या गळ्यात अडकविलेली नाहीत.

आपल्याकडे अपर्णा सन्याल यांचा ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ हा २०११ सालचा चित्रपट पुण्याच्या रेश्मा वल्लीअप्पन यांच्यावर आहे. त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते. ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी, घरच्यांविषयी, औषधांविषयी त्या स्वतः बोलतात. त्यांनी औषधांवाचून काढलेला मार्ग हा त्यांचा मार्ग होय. तो पाहून कोणी आपले औषध सोडू नये, एवढी सूचना चित्रपट दाखविणाऱ्याने अवश्य द्यावी. पण येथे कोणी दुसरा त्यांच्या वतीने बोलत नाही, हे महत्त्वाचे आहे. त्याच क्षेत्रात सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’ (२०१६) हे मराठी ललित चित्रपट दिले. खऱ्या रुग्णाचा चेहरा उघडा न करताही किती सांगता येते, हे त्यांत दिसते.

चेहऱ्याचा हा मुद्दा आता पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. कायदा चांगला आहे. परंतु विसाव्या वर्षी, विकाराच्या भरात किंवा तो नुकता ओसरल्यावर दिलेला होकार चाळिसाव्या वर्षी परत घेता येतो काय? माणूस बरा होतो, नोकरीला लागतो, त्याची मुले शाळेत जातात. चित्रफीत मात्र जशीच्या तशी फिरत राहते. ह्यूस्टनच्या सैनिकांच्या नशिबी निदान चौतीस वर्षांचा विसर होता.

भाषेच्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीत लक्ष घालावयास हवे. ‘आत्महत्या’ या शब्दात ‘हत्या’ आहे, आणि ‘केली’ म्हटले की गुन्हेगार व बळी एकच होतो. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम त्या प्रयत्नाला गुन्हाच मानीत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते कलम नाही, केवळ सरकारी अधिकाऱ्यावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती तरतूद उरली आहे. कायदा बदलला, पण निवेदकांची व उपशीर्षके लिहिणाऱ्यांची भाषा बदलली नाही. वर्तमानपत्री ‘जीवनयात्रा संपविली’ हा प्रयोग तर त्याहून वाईट. त्याने मरणाला तीर्थाहून परतल्याची शांती येते. ‘अयशस्वी प्रयत्न’ म्हणणे तर वाचलेल्या माणसाची क्रूर थट्टाच. ‘आत्महत्येने मृत्यू’ हा प्रयोग कानाला कोरडा लागतो खरा. पण तूर्त आम्ही तोच पसंत करू.

वर्गात चित्रपट दाखविणाऱ्या शिक्षकांसाठी थोडे व्यावहारिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली चित्रपटकारांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. आत्महत्येची कृती व साधन दाखवू नये, एकच कारण सांगू नये, तरून जाण्याचे मार्ग दाखवावेत, ही तिची मुख्य सूत्रे आहेत आणि चित्रपट निवडणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी पडतील. खेळापूर्वी विषय सांगावा, ज्याला बसायचे नाही त्याला कारण न विचारता उठू द्यावे, आणि खेळानंतर निदान अर्धा तास बोलण्यास ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. तेथे मराठीतही बोलता येते. ‘टिटिकट फॉलीज’ पदवीच्या वर्गाखाली दाखवू नये. ‘स्युर लादामां’ व ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ वरच्या इयत्तांना निःशंक दाखवावेत. ‘नीरोज गेस्ट्स’ दाखवाल तेव्हा पात्र-अपात्रतेची गोष्ट अवश्य सांगावी. ‘द ब्रिज’ मात्र वर्गात मुळीच दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात ऐकण्याजोग्या आहेत त्या आप्तांच्या मुलाखती, आणि त्या देताना आप्तांना सगळी हकीकत ठाऊक नव्हती.